पासंग

त्या दिवशी पहाटे साडेपाचला मी कूस बदलली आणि छताचा पंखा सरकत सरकत भिंतीवर गेला. तिथून परत छतावर, परत भिंतीवर, एकाच दिशेने, थांबायचं नाव नाही. डोळे मिटले तर आणखी वाईट, मग मीच पलंगासकट गोल फिरायला लागले. चादर दोन्ही मुठीत घट्ट धरली आणि ह्यांना हाक मारायला तोंड उघडलं तर उलटीच झाली.

जुलैचा शेवट होता, बडोद्यात पावसाची झड लागलेली, घरात सगळ्यांना सर्दी होऊन गेली होती आणि मला जरा जास्त दिवस राहिली होती. आदल्या दोन दिवसांपासून उजव्या कानाला दडा बसल्यासारखं वाटत होतं, आत बारीक शिटी वाजत होती. पण नववीच्या युनिट टेस्टचे पेपर तपासायचे होते आणि कान दुखत नव्हता, मग त्याच्याकडे कोण बघतंय. मी शाळेत गणित शिकवते, बावीस वर्षं झाली, आजारपणाची रजा एकूण किती घेतली असेल ते बोटांवर मोजता येईल.

पहिले तीन दिवस मला सलग असे आठवतच नाहीत. आठवतं ते एवढंच की बाथरूमपर्यंत मी रांगत गेले होते, भिंतीला खांदा घासत, आणि सारखी उजवीकडे कलंडत होते, जणू उजव्या बाजूला कोणी दोरी बांधून ओढतंय. पलंगाशेजारी बादली. डावी कूस खाली ठेवून अजिबात न हलता पडलं तर जरा बरं, पण शिंक आली, फोन वाजला, कोणी दार उघडलं की मान एवढीशी हलायची आणि सगळं परत सुरू. आपण बोलताना किती सहज म्हणतो, पायाखालची जमीन सरकली. मला आता ते वाक्य बोलवत नाही.

आपल्याकडे एका चक्कर या शब्दात काय काय भरलंय ते मला या आजाराने कळलं. उपाशीपोटी डोळ्यांपुढे येते ती अंधारी. पटकन उठल्यावर डोकं हलकं होतं ते वेगळंच. चालताना तोल जातो, पण काही गरगरत नाही, ते आणखी वेगळं. आणि सगळं जग गोल फिरतं ती भोवळ, भोवरा आणि भोवळ एकाच घरचे शब्द आहेत. डॉक्टरांपुढे आपण सगळ्यालाच ‘चक्कर येते’ म्हणतो आणि समोरचा माणूस त्यातून आपल्याला सोयीचा अर्थ काढतो. कोणाला अशी वेळ आलीच तर माझं कळकळीचं सांगणं आहे, चक्कर हा शब्द बाजूला ठेवा, काय होतं ते सरळ वर्णन करून सांगा. खोली फिरते का, कुठल्या बाजूला फिरते, सेकंदभर का दिवसभर, कान बंद वाटतो का. माझ्याकडून हे झालं नाही आणि त्याची किंमत तीन आठवडे होती.

सासूबाईंचं मत पित्ताचं होतं, त्यांनी सुंठ-साखर दिली, आवळ्याचं सरबत दिलं, रात्र रात्र माझ्या उशाशी बसल्या. ज्या डॉक्टरकडे आधी गेलो त्यांनी मानेचा एक्स-रे काढला, मणक्यात थोडी झीज दिसली, आणि पंचेचाळिशीनंतर कोणाच्या मणक्यात ती दिसत नाही सांगा. मानेला पट्टा लागला आणि चक्कर दाबायच्या गोळ्या दिवसातून तीनदा, बेडरेस्ट. गोळ्यांनी उलट्या थांबल्या, पहिल्या दोन-तीन दिवसांत त्या मिळाल्या नसत्या तर पाणीसुद्धा पोटात राहिलं नसतं, त्याबद्दल तक्रार नाहीच. तक्रार आहे ती पुढच्या तीन आठवड्यांची. पडदे लावलेल्या खोलीत, पट्टा घालून, गुंगीत, मान न हलवता मी पडून राहिले आणि घरातल्या सगळ्यांनी जिवापाड जपून मला पडू दिलं. कोणी वाईट वागलं असतं तर राग तरी काढता आला असता.

मग शाळेतल्या एका सहकारी ताईंनी हट्टच केला की कानाच्या डॉक्टरांना दाखव. मला पटलंच नव्हतं, चक्कर डोक्यात येते, कानाचा काय संबंध, पण ह्यांनी रिक्षा आणली. त्या रिक्षाच्या प्रवासाबद्दल मी काही लिहीत नाही.

कानाचे डॉक्टर वयस्कर, गुजराती, अगदी हळू बोलणारे. त्यांनी माझ्या डोळ्यांवर जाड जाड भिंगांचा चष्मा चढवला, त्यातून मला काहीच नीट दिसेना, आणि ते मात्र माझी बुबुळं मोठी होऊन बघत होते. बुबुळं हळूच उजवीकडे घसरायची आणि झटक्याने डावीकडे यायची. मग म्हणाले माझ्या नाकाकडे बघत राहा, माझं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि अचानक थोडंसंच झटका देऊन वळवलं. डावीकडे वळवलं तर नजर नाकावरच राहिली. उजवीकडे वळवलं तर नजर डोक्याबरोबर वाहून गेली आणि मग उडी मारून परत नाकावर आली, मला स्वतःलाही ते जाणवलं. ना मशीन, ना सुई. ही तपासणी १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन जणांनी लिहून काढली आहे असं मी नंतर वाचलं, आणि मला फार आश्चर्य वाटलं की इतकी साधी गोष्ट माणसाला इतक्या उशिरा सुचली.

त्यांनी सांगितलं की आतल्या कानाला इन्फेक्शन झालंय, बहुतेक सर्दीच्या व्हायरसचंच. नुसती तोल सांभाळणारी नस सुजली आणि ऐकू नीट येत असेल तर वेस्टिब्युलर न्यूरायटिस, ऐकण्यावरही परिणाम झाला असेल तर लॅबिरिंथायटिस. माझं दुसरं. ऐकण्याचा चार्ट काढला त्यात उजव्या कानाची रेघ खाली उतरलेली होती. तीन आठवडे उशीर झाला म्हणून त्यांना हळहळ वाटली, चेहऱ्यावर दिसलं, तरी स्टेरॉइडचा छोटा कोर्स दिला आणि एमआरआय करायला लावला, कारण भोवळ आणि एका कानाचं ऐकणं एकदम कमी होणं हे मेंदूच्या मागच्या भागातला रक्तपुरवठा अडला तरी होऊ शकतं. माझा एमआरआय स्वच्छ आला. पण हे मी मुद्दाम लिहितेय, भोवळीबरोबर बोलणं अडखळत असेल, एकाचे दोन दिसत असतील, तोंड वाकडं झालं असेल, हातापायातली ताकद गेली असेल किंवा आधार घेऊनही उभंच राहता येत नसेल तर कान, मान, पित्त काहीही म्हणत बसू नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा.

पुढच्या वेळी कानात पाणी सोडायची टेस्ट झाली. एकदा ३० डिग्रीचं, एकदा ४४ डिग्रीचं, दोन्ही कानांत, म्हणजे शरीरापेक्षा सात डिग्री गार आणि सात डिग्री गरम. यामागे रॉबर्ट बारानी नावाचे व्हिएन्नाचे डॉक्टर, कान धुताना पाणी गार असलं की पेशंटला गरगरतं आणि गरम असलं की उलट्या दिशेने गरगरतं, हे त्यांनी पकडलं आणि त्यावरून आतल्या कानाचं काम उलगडलं. १९१४ चं नोबेल त्यांना मिळालं तेव्हा ते रशियाच्या कैदेत होते, पहिल्या महायुद्धात पकडले गेलेले. मला गणितवालीला ही गोष्ट फार आवडली, इतकी साधी खूण आणि केवढं मोठं उत्तर. माझ्या डाव्या कानात पाणी गेलं तशी खोली जोरात फिरली. उजव्या कानात गार पाणी सोडलं तर नुसतं गार लागलं.

तिथे मी रडले. म्हटलं डॉक्टरसाहेब हा कान परत कधी चालू होणार. त्यांनी ‘होणार’ असं म्हटलं नाही. टेबलावरचं पेन उचलून बोटावर आडवं धरलं, तराजूच्या दांडीसारखं, आणि गुजरातीत म्हणाले, एक पल्लं रिकामं झालंय बेन, आता मगजला धडो करावा लागेल.

धडो म्हणजे पासंग. हा शब्द ऐकल्याबरोबर मी दवाखान्यातून उठून सरळ रावपुऱ्यातल्या आमच्या आजोबांच्या किराणा दुकानात जाऊन पोचले. आजोबा रोज सकाळी दुकान उघडलं की उदबत्तीच्या आधी रिकामा तराजू हातात उचलून धरायचे आणि काट्याकडे बघायचे. एखादं पल्लं झिजलेलं असतं, एखाद्याची साखळी बदललेली असते, काटा मध्ये उभा राहत नाही. मग हलक्या बाजूला लोखंडाचा तुकडा, कधी चिंधीत बांधलेला खडा, असं काहीतरी अडकवून ते तो बरोबर करायचे. तो पासंग. बोलताना आपण म्हणतो ना, हा त्याच्या पासंगालाही पुरणार नाही, तो हाच. नवीन पल्लं आणत नाहीत, जुनंच ठेवतात, त्याचा दोष ओळखतात आणि तेवढं वजन दुसरीकडून भरून काढतात. तूप तोलायच्या आधी रिकाम्या भांड्याचा धडा करायचा असतो, तोही शब्द तोच, आणि शाळेत शिकवतो तोही धडाच. गुजरातीत पण धडो घेणं म्हणजे शिकणं. दोन्ही भाषांत एकच जुळणी कशी झाली मला माहीत नाही, पण पुढच्या सहा महिन्यांत हे दोन अर्थ मला कधी वेगळे करता आले नाहीत.

आतल्या कानात तीन अर्धगोल नळ्या असतात, एकमेकींशी जवळजवळ काटकोनात, म्हणजे खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन भेटतात तशा. त्यांच्यात पाणी. डोकं वळलं की नळी वळते, पाणी जरा मागे राहतं, त्याने बारीक केस वाकतात आणि नसेतून मेंदूला खबर जाते. मला आजवर वाटायचं की डोकं हललं की खबर जाते, स्थिर असलं की गप्प. तसं नाहीये. आपण शांत बसलेलो असलो तरी दोन्ही कानांच्या नसा सतत बोलतच असतात, सारख्याच वेगाने, आणि दोघी सारख्या बोलताहेत म्हणजे आपण स्थिर, असा मेंदूचा हिशोब असतो. उजवीकडे वळलो की उजवी जास्त बोलते, डावी कमी. माझी उजवी एका रात्रीत गप्प झाली. डावी आपली नेहमीसारखी बोलत राहिली. मेंदूने हिशोब लावला, डावी जास्त बोलतेय म्हणजे आपण डावीकडे गरगर फिरतोय, आणि त्याने त्याप्रमाणे डोळे फिरवले. मेंदूचं गणित चुकलेलं नव्हतं. त्याला मिळालेला आकडा चुकीचा होता.

पासंग दोन टप्प्यांत बांधला जातो. पहिल्या काही दिवसांत मेंदू आपणहून डाव्या बाजूचा आवाज दाबतो आणि हळूहळू उजव्या बाजूच्या केंद्राला स्वतःच थोडं बोलतं करतो, म्हणून पडून असलं तरी गरगर कमी होत जाते. पण चालताना, वळताना, वाकताना लागणारा तोल असा आपोआप येत नाही. त्यासाठी मेंदूला चूक दिसावी लागते. मान हलवली, अक्षर धूसर झालं, ही चूक, मग पुढच्या वेळी तो थोडं वजन इकडे टाकतो. चूकच झाली नाही तर तो शिकणार कशावरून. आणि मी तीन आठवडे चूक होऊ नये म्हणून मान बांधून पडले होते, वर त्या गोळ्या मेंदूला झोपवणाऱ्या. हे समजल्यावर मला स्वतःचा आणि सगळ्यांचाच इतका राग आला की त्या रात्री झोप लागली नाही. डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू बंद केल्या, पट्टा काढला आणि फिजिओकडे पाठवलं.

फिजिओवाली मुलगी माझ्या लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. पहिल्या दिवशी तिने मला डोळे मिटून जागच्या जागी पन्नास पावलं चालायला सांगितलं. मी समोरच्या कॅलेंडरकडे तोंड करून उभी होते, अगदी सरळ, मला खात्री होती की मी तसूभर हलले नाही. डोळे उघडले तर समोर खिडकी. मी पूर्ण उजवीकडे वळलेली होते आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. भोवळीपेक्षाही याने मी जास्त घाबरले, कारण भोवळीत निदान काहीतरी बिघडलंय हे कळतं. इथे तर माझी खात्रीच चुकीची होती.

मग सुरू झाला सराव. एका कार्डावर मोठा ‘क’ लिहायचा, हातभर अंतरावर धरायचा, नजर ‘क’वर ठेवून मान डावी-उजवी, डावी-उजवी, ‘क’ हलता कामा नये. चांगला कान असला की मान वळल्यापासून सेकंदाच्या शंभराव्या भागात डोळे उलटे फिरतात, म्हणून आपण चालताना जग स्थिर दिसतं. माझं तसं नव्हतं, रस्त्यात चालताना दुकानांच्या पाट्या उड्या मारायच्या, वाचायला थांबावं लागायचं. आधी तीस सेकंद, दिवसातून चार-पाच वेळा, मग मिनिटभर, मग उभं राहून, मग चालताना. मग उशीवर उभं राहायचं, मग उशीवर डोळे मिटून. मग टाचेला बोट लावत सरळ रेषेत, फरशीच्या सांध्यावरून. यातले बरेच व्यायाम इंग्लंडमध्ये १९४० च्या दशकात कॉथॉर्न आणि कुक्सी या दोघांनी बसवलेले आहेत, डोक्याला मार लागलेल्या आणि कानाची ऑपरेशनं झालेल्या लोकांसाठी. सगळी मिळून वीस मिनिटं, आणि त्यानंतर मला अर्धा तास मळमळायचं. मी म्हटलं बेटा याने तर चक्कर वाढतेय. ती म्हणाली, “बेन, थोडा चक्कर तो आववा ज जोईए.” थोडी चक्कर यायलाच हवी. पंधरा-वीस मिनिटांत उतरली तर बरोबर, तासन्‌तास टिकली तर आपण जास्त केलं, उद्या कमी करू. वजन किती टाकायचं त्याचं हे माप होतं.

गणपती आले तेव्हा मी धड वाकू शकत नव्हते. गौरींपुढची रांगोळी लेकीने काढली, मी खुर्चीत बसून ठिपके सांगितले. आरतीला सगळे उभे आणि मी भिंतीला हात लावून उभी, बघणाऱ्याला काहीच दिसत नाही, ना प्लास्टर, ना ताप, चेहरा बरा, वजनही कमी झालेलं नाही. “आता तर छान दिसतेस” असं प्रत्येक काकू प्रेमानेच म्हणायची. मला ओरडून सांगावंसं वाटायचं की अहो मी आत्ता उभी आहे ना, हेच एक काम मी करतेय, सगळी शक्ती लावून फक्त उभी आहे. तोल ही गोष्टच अशी आहे, आहे तोवर तिला नाव नसतं. जुलैच्या आधी मी दिवसभरात कधी म्हटलं होतं का की आज माझा तोल छान आहे.

सप्टेंबर संपता संपता मी संध्याकाळी ह्यांच्याबरोबर सुरसागरला जायला लागले. दांडिया बाजारातून आम्हाला जवळच. तलावाच्या मधोमध उभा असलेला तो १११ फुटी महादेव लहानपणी नव्हता, तो झाला तेव्हा मला काही विशेष वाटलं नव्हतं, पण त्या महिन्यात तो माझ्या फार उपयोगी पडला. तलावाला फेरी मारायची आणि मान वळवून नजर त्याच्यावर, चार पावलं समोर बघून, चार पावलं त्याच्याकडे बघून. फेरीबरोबर मान वळायचा कोन बदलत जातो आणि तो मात्र जागेवर. कार्डावरचा ‘क’ मोठा होऊन तलावात उभा राहिला होता म्हणा. सुरुवातीला मूर्तीचे खांदे थरथरायचे. हे माझ्या डाव्या हाताला चालायचे, काही बोलायचे नाहीत, मी कलंडले की फक्त कोपर पुढे करायचे.

मग नवरात्र आलं. बडोद्यात राहून गरबा टाळता येत नाही आणि मला टाळायचाही नव्हता, लहानपणापासून खेळलेली आहे मी. लेक खेळणार होती, मी नुसती बघायला गेले, बसून. मध्ये गाणारे आणि त्यांच्याभोवती हजारो माणसं, वर्तुळात वर्तुळ, त्यात आणखी वर्तुळ, सगळे एकाच दिशेने, घागरे, आरसे, वरून फ्लडलाइट. दोन मिनिटंही झाली नसतील, खुर्चीचे दांडे हातातून सुटेनात. मी बसलेली होते, मान हलली नव्हती, आणि मी फिरत होते. फिजिओवाल्या मुलीने नंतर समजावलं, स्टेशनवर शेजारची गाडी सुटली की आपलीच सुटली असं वाटतं ना, तेच. तोलाचे तीन साक्षीदार असतात, डोळे, कान आणि पायाचे तळवे-सांधे. कानाच्या साक्षीवर विश्वास उडाला की मेंदू डोळ्यांचंच ऐकायला लागतो, आणि डोळ्यांपुढचं सगळं जग फिरत असलं तर तो म्हणतो तूच फिरतेयस. भरलेल्या खंडेराव मार्केटात, मॉलच्या दोन बाजूंच्या रॅकमध्ये, पावसात गाडीच्या वायपरमुळे, याच कारणाने होतं.

मैदानाबाहेर येऊन फुटपाथवर बसून मी खूप रडले. गरबा मला परका झाला याचं इतकं वाईट वाटलं, ते उलट्या नि रांगण्याचंही वाटलं नव्हतं. हे शेजारी बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, अगं उद्या येऊ, पण गेटपाशी उभं राहू, पाचच मिनिटं. दुसऱ्या दिवशी गेलो, गेटपासून गरबा तळहाताएवढा दिसत होता. पाच मिनिटं. तिसऱ्या दिवशी दहा पावलं पुढे. नवमीपर्यंत मी बाहेरच्या कठड्याला टेकून पंधरा मिनिटं बघू शकत होते, पाय जमिनीवर घट्ट दाबून, तळव्यांना सांगत की तुम्ही साक्ष द्या. कठड्याला टेकूनच गरब्याची टाळी नुसती हाताने दिली, पाय हलवले नाहीत.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर शाळेत रुजू झाले. फळ्यावर लिहायचं आणि वर्गाकडे वळायचं, बावीस वर्षं केलेली हालचाल, तिच्यात केवढं काय चालतं हे आता कळलं. वळलं की वर्ग अर्धा क्षण मागे राहायचा आणि मग येऊन जागेवर बसायचा. मी मुलांना खरं सांगून टाकलं, कानाची नस, तीन नळ्या, पाणी, सगळं फळ्यावर काढलं. काटकोनातली तीन प्रतलं शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला मिळालेलं नाही. त्यानंतर मी वळले की पहिल्या बाकावरची दोन मुलं हळूच पुढे सरकून बसायची, पडलेच तर धरायला. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना.

उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, गच्चीवर गेले, मान मागे टाकून आकाशाकडे बघणं ही सगळ्यात अवघड गोष्ट, त्यात पतंग स्थिर नाहीत. पाण्याच्या टाकीला पाठ लावून बघितले. पाठीला टाकी लागली की चौथा साक्षीदार मिळतो. दुपारपर्यंत टाकी सोडली, उंधियू खाल्लं, संध्याकाळी परत टाकीला टेकले.

फेब्रुवारीत पुन्हा पाण्याची टेस्ट केली. मी ती खुशीतच करायला गेले होते, चालत होते, जिने उतरत होते, मला वाटलं कान बरा झाला. रिपोर्ट जवळजवळ जुनाच होता. उजव्या कानात गार पाणी परत नुसतं गार लागलं. डॉक्टर मात्र खूश होते, त्यांनी मला डोळे मिटवून, पाय जुळवून उभं केलं आणि मी उभी राहिले. पल्लं तेच, झिजलेलं. काटा मध्ये. मला ते समजायला दोन दिवस लागले, कारण बरं होणं म्हणजे जे गेलं ते परत येणं असंच मी धरून चालले होते. ऐकणं थोडं परतलं, शिटी रात्री शांततेत अजून वाजते.

आणि पासंग सुटतोही. मार्चमध्ये ताप आला, दोन दिवस अंग मोडून काढलं, तशी खोली परत जरा सरकायला लागली, मी पुन्हा उजवीकडे कलंडायला लागले आणि इतकी घाबरले की इन्फेक्शन परत आलं म्हणून रात्री डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले थकलाय मगज, पकड सैल झालीय, ताप उतरला की पुन्हा ‘क’चं कार्ड काढा. चार दिवसांत बसलं जागेवर. जागरण झालं, उपास कडक झाला, लांबचा प्रवास झाला की अजूनही थोडं होतं. आजोबा रोज सकाळी रिकामा तराजू उचलून का बघायचे, कालच तर नीट केला होता ना, असं मी लहानपणी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले होते, काल काल होता.

पहिल्या महिन्यांत मला सगळ्यात जास्त भीती आंघोळीची वाटायची. केस धुताना डोळे मिटावे लागतात, फरशी ओली, पायाखाली निसरडं, म्हणजे तीनातले दोन साक्षीदार गेले आणि उरला तो कान. रोमबर्ग नावाच्या एका जर्मन डॉक्टरांच्या नावाने डोळे मिटून उभं राहायची टेस्ट आहे, एकोणिसाव्या शतकातली, ती आम्ही सगळेच न्हाणीघरात रोज देतो, फक्त माहीत नसतं. ऑगस्टपासून सासूबाई माझे केस धूत होत्या, मी पाटावर बसून, लहान मुलीसारखी. मग मी उभ्याने धुवायला लागले, पण डावा हात कायम नळावर, एकाच हाताने शिकेकाई लावायची, पाणी ओतायचं, सगळं एका हाताने. त्याची इतकी सवय झाली होती की नळावरच्या हाताकडे माझं लक्षही जात नव्हतं.

परवा रविवारी केस धूत होते. शिकेकाई डोळ्यांत जाईल म्हणून डोळे गच्च मिटलेले, बाहेर सासूबाई कोणाशी तरी फोनवर बोलत होत्या, मी ते ऐकत होते. बराच वेळ गेला. मग ध्यानात आलं, माझे दोन्ही हात केसांत होते.